निवटी, गोबी आणि खडपातले मासे ओळखताना या चुका टाळा

गेली काही वर्षं मी ओहोटीला किनाऱ्यावर फिरतेय, कार्टर रोडची खडपं (म्हणजे किनाऱ्यावरचे खडक), हाजी अली, कधी शिवडीकडचा चिखल, आणि सोबत नवीन लोक असले की तळाशी बसणाऱ्या छोट्या माशांबद्दल त्याच त्याच चुका दिसतात. हे मासे म्हणजे गोबी आणि त्यांचे नातेवाईक. (गूगलवर मराठीत नुसतं गोबी टाकलंत तर फ्लॉवरच्या भाज्या येतील, सोबत मासा लिहा.) जगात यांच्या जवळपास दोन हजार जाती आहेत, आणि आपल्या ओळखीची निवटी (इंग्रजीत मडस्किपर) त्यांच्यातलीच, तरी मुंबईत राहून आपण यांच्याकडे बघतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चुकीच्या जागी शोधणं. जुहूच्या कोरड्या वाळूत तासभर फिरून "इथे काहीच नाही" म्हणत घरी जातात. अहो, या माशांना तळ कसला आहे यावरच सगळं ठरतं. खडपातल्या डबक्यात जो गोबी राहतो तो चिखलात नसतो, आणि निवटी खडपात नाही सापडणार, तिला खाडीचा मऊ, ओला चिखल लागतो, म्हणजे ठाण्याची खाडी, शिवडी, माहीमच्या खाडीचा काठ, गोराई. चिखलातही मजले आहेत बरं का. बोलिओफ्थाल्मस ही मोठी निवटी खालच्या, जास्त ओल्या भागात असते, ती डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत चिखलाच्या वरच्या थरातलं शेवाळ खरवडते, अगदी फरशी पुसल्यासारखं. पेरिओफ्थाल्मस ही दुसरी निवटी वरच्या बाजूला, कांदळवनाच्या मुळांजवळ, आणि ती शिकारी आहे, किडे, बारीक खेकडे खाते. म्हणजे ती कुठे बसलीय आणि काय खातेय एवढं बघितलंत तरी निम्मी ओळख झाली, पुस्तक उघडायच्या आधीच.

वेळेचीही चूक होते. भरतीला जाऊन काही दिसत नाही. आमच्याकडे जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं म्हणजे भरतीची वेळ येते, पंचमीला पावणेचार, पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि त्याच्या साधारण सहा तास पुढे-मागे ओहोटी. थोडं इकडेतिकडे होतं म्हणून टाइड टेबल बघाच. पण उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी सगळ्यात लांब जातं ते पहाटे आणि संध्याकाळी, त्यामुळे दुपारी बाराला पोचून उपयोग नाही. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फार मागे हटतच नाही.

आता ओळखण्यातली चूक. डबक्यात तळाला चिकटून बसलेला बोटाएवढा मासा दिसला की लोक सरळ "गोबी" म्हणतात आणि निम्म्या वेळा ती ब्लेनी असते, तसाच दिसणारा पण वेगळ्या गटातला मासा. फरक पोटाखाली आहे. बहुतेक गोबींचे पोटाखालचे दोन पर (म्हणजे फिन) जोडले जाऊन वाटीसारखी चकती झालेली असते, तिने तो दगडाला धरून बसतो, लाट आली तरी हलत नाही. ब्लेनीचे ते पर सुटे, बारीक, दोन काड्यांसारखे आणि पुढे गळ्याजवळ. पाठीवर बघायचं तर बहुतेक गोबींना दोन वेगळे पर, ब्लेनीला डोक्यामागून शेपटीपर्यंत साधारण एकच लांब पर, आणि बऱ्याचदा डोळ्यांवर बारीक झुबके. मी सोबत छोटा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा ठेवते, मासा पाण्यासकट मिनिटभर त्यात घ्यायचा, खालून बघायचं, फोटो काढायचा आणि तिथेच सोडायचा. नुसत्या वरून काढलेल्या फोटोवर कोणीच काही सांगू शकत नाही, तज्ज्ञसुद्धा नाही. बाजूने काढा, पाठीवरचा पुढचा पर उभा असताना मिळाला तर फारच छान.

रंगावरून जात ठरवू नका. डबक्यातला बाथिगोबियस हा गोबी काळ्या दगडावर गडद दिसतो आणि वाळूवर फिका, एकच मासा. त्याच्यापेक्षा त्याच्या बाजूच्या परांच्या वरच्या कडेचे काटे बघा, ते रेशमाच्या धाग्यांसारखे सुटे असतात, ती खूण बदलत नाही.

कुटुंबाच्या नावाचाही गोंधळ आहे, आणि त्यावरून कॉलेजची मुलं प्रोजेक्टमध्ये अडकतात. जुन्या पुस्तकांत निवटी गोबिइडी या कुटुंबात आहे, आता डीएनएच्या अभ्यासानंतर ती ऑक्स्युडेर्सिडी या वेगळ्या कुटुंबात धरतात, बाथिगोबियस मात्र गोबिइडीतच. दोन्ही पुस्तकं आपापल्या काळाप्रमाणे बरोबर, फक्त कुठल्या वर्षाचं वर्गीकरण वापरताय ते लिहा. आणि चकती नाही म्हणून गोबीच्या नात्यातला नाहीच असंही लगेच लिहू नका, पेरिओफ्थाल्मसच्या काही जातींत ते पर अर्धवट जोडलेले किंवा सुटेच असतात. आपल्या खाडीतल्या मोठ्या निवटीचं शास्त्रीय नाव बोलिओफ्थाल्मस डस्युमिएरी, फ्रेंच व्यापारी आणि प्रवासी डस्युमिएच्या नावावरून, फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएनने १८३७ साली वर्णन केलं आणि त्यासाठीचा नमुना मुंबईचाच होता. मला हे कळलं त्या दिवशी मी बाजारात मावशींच्या टोपलीतल्या वळवळणाऱ्या निवट्यांकडे किती वेळ नुसती बघत उभी होते. मावशी म्हणाल्या, "घे ना गो, ताज्या हायेत, कालवण कर."

आणि आता ती चूक जी मी स्वतः केलीय. लहानपणी निवटी बाटलीत घालून आणली होती, काठोकाठ पाणी भरून, झाकण घट्ट लावून, मला वाटलं मासा आहे तर जास्त पाणी म्हणजे चांगलंच. घरी येईपर्यंत ती मेली. निवटी ओल्या कातडीतून आणि तोंडा-घशाच्या आतल्या अस्तरातून हवेतला ऑक्सिजन घेते, तिला हवा लागतेच, बंद पाण्यात ती गुदमरते. उलट कोरड्यात, उन्हात ठेवली तरी मरते, कारण कातडी ओली नसेल तर श्वासच नाही. डोळेसुद्धा ती मधूनमधून खाली ओढून ओले करते, आपण पापणी मिटतो तसं. म्हणून घरी आणूच नका, आणि हातात सनस्क्रीन लावून तर अजिबात धरू नका.

तसंच एका डबक्यातला मासा उचलून "इकडे पाणी जास्त आहे" म्हणून दुसऱ्या डबक्यात टाकू नका. लोक हे चांगल्या मनाने करतात. पण अमेरिकन शास्त्रज्ञ लेस्टर अॅरन्सन यांनी बाथिगोबियसच्याच एका अटलांटिक जातीवर काम करून १९५१ मध्ये दाखवलं होतं की हा मासा भरतीच्या वेळी खडपावरून पोहताना डबक्यांच्या जागा लक्षात ठेवतो आणि ओहोटीत संकट आलं की एका डबक्यातून नेमका शेजारच्या डबक्यात उडी मारतो, तेही समोरचं डबकं न दिसता. म्हणजे त्याच्या डोक्यात त्या खडपाचा नकाशा आहे. तुम्ही त्याला पन्नास पावलं लांब सोडलंत की तो नकाशा गेला. दगड उलटला असेल तर तोही होता तसाच परत ठेवा, गोबीची अंडी बऱ्याचदा दगडाच्या खालच्या बाजूला चिकटवलेली असतात आणि नर राखण करत बसलेला असतो.

चिखलात एकटं उतरू नका, पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि भरती कधी वळते कळत नाही. निवटी बघायला चिखलात उतरायची गरजही नाही, काठावर दहा मिनिटं न हलता बसा, सावली पडू देऊ नका, बिळात गेलेल्या सगळ्या एकेक करून परत वर येतात.