कैफियतीबरोबर प्रतिदावाही

ठेकेदाराने थकीत बिलासाठी दिवाणी दावा लावला आणि गळक्या स्लॅबमुळे तुमचंही नुकसान झालं असेल, तर कैफियतीत, म्हणजे दाव्याला तुम्ही कोर्टात देता त्या लेखी उत्तरात, नुसतं ‘मागणी खोटी आहे’ लिहून थांबू नका. तो झाला बचाव. त्याने भरपाई मिळत नाही. त्यासाठी प्रतिदावा, म्हणजे त्याच खटल्यात तुम्ही ठेकेदारावर केलेला दावा, हवा: दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश 8, नियम 6-अ. वेगळा दावा लावण्याची गरज नाही, पण कोर्ट फी भरावी लागते (हे ऐकून बरेच जण चपापतात) आणि मुदतीचा कायदाही लागू होतो. शक्यतो कैफियतीसोबतच द्या. कोर्टाने वादाचे मुद्दे (ज्यांवर निकाल द्यायचा ते प्रश्न) निश्चित केल्यावर प्रतिदावा घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं आहे. ठेकेदाराचा दावा फेटाळला गेला, तरी तुमचा प्रतिदावा पुढे चालू शकतो.