नथ-ठुशीचे फोटो घरी काढताना या चुका टाळा

सोनं असो वा एक ग्रॅम पॉलिश, मोती असो वा खडा, चकचकीत दागिना म्हणजे छोटा आरसाच. आजूबाजूला जे असेल ते त्यात उमटतं. त्यामुळे दागिन्यावर किती उजेड टाकला यापेक्षा दागिन्यासमोर काय ठेवलं आहे, हे जास्त महत्त्वाचं. घरच्या फोटोंमधल्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे सापडतं.

मोत्यात खिडकीचे गज दिसणं

खिडकीजवळ नथ ठेवून फोटो काढा आणि झूम करून पाहा. प्रत्येक मोत्यात खिडकीचा चौकोन आणि त्यातले उभे गज स्पष्ट दिसतील. फ्लॅश मारला तर गजांच्या जागी पांढरा टोचणारा ठिपका येतो आणि मोती प्लॅस्टिकचा वाटू लागतो. यावर उपाय म्हणजे बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर. साधारण ए३ आकाराचा कागद पुठ्ठ्याच्या चौकटीला ताणून चिकटवा आणि नथीच्या एका बाजूला, जरा मागे, १५ सेंटिमीटरवर उभा करा. त्याच्यामागे ९ वॅटचा पांढरा एलईडी बल्ब ठेवा.

इथे एक चूक हमखास होते. उजेड कमी वाटतो म्हणून बल्ब कागदाला चिकटवला जातो. मग कागदाचा तेवढाच गोळा उजळतो आणि मोत्यात पुन्हा ठिपकाच उमटतो. कागद कडेपर्यंत सारखा उजळला पाहिजे, त्यासाठी बल्ब २५ ते ३० सेंटिमीटर मागे हवा. जुना पिवळा तापणारा बल्ब किंवा हॅलोजन कागदाजवळ अजिबात नको, कागद पेटू शकतो.

नथीच्या दुसऱ्या बाजूला, कागदाच्या समोर थर्माकोलचा तुकडा उभा केला की सावल्या उजळतात. तिथे दुसरा दिवा लावू नका. दोन दिवे म्हणजे प्रत्येक मोत्यात दोन चमका.

चहूबाजूंनी पांढरं करून टाकणं

लाइट बॉक्स, म्हणजे फोटोसाठीची आतून पांढरी, दिव्यांची पेटी, विकत घेणाऱ्यांची ही नेहमीची अडचण. सावली गेली, चमक मऊ झाली, पण ठुशीचे मणी एकमेकांत मिसळून पिवळा पट्टा झाला. धातूला सगळीकडून पांढरंच दिसत असेल तर त्याच्या कडा दिसणार कशाने? काळ्या कार्डशीटच्या २-३ सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा आणि दागिन्याच्या दोन्ही बाजूंना, फोटोच्या चौकटीबाहेर पण जमेल तितक्या जवळ उभ्या करा. प्रत्येक मण्याच्या कडेला बारीक गडद रेघ येते आणि मणी सुटा दिसू लागतो. पट्टी अर्ध्या सेंटिमीटरने सरकवली तरी फरक पडतो, तेव्हा फोनच्या पडद्यावर बघत बघत सरकवा. खर्च जवळपास शून्य, पण एवढा फरक महागडा दिवाही पाडत नाही.

पैठणीचा मोह

हिरव्या पैठणीवर मोत्याची नथ ठेवली की मोत्यांचा खालचा भाग हिरवट होतो. लाल शालूवर सोनं तांबूस दिसतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, "पॉलिश वेगळं आलंय." पैठणी हवीच असेल तर ती एक-दीड वीत मागे सोडा आणि दागिना पांढऱ्या किंवा करड्या कार्डावर ठेवा. फोटो काढणाऱ्याचा भडक कुडतासुद्धा मोत्यात उतरतो. त्या दिवशी काळा किंवा करडा घाला.

रंग बिघडण्याचं दुसरं कारण म्हणजे मिश्र उजेड. खिडकीतून निळसर उजेड आणि वर ३००० केल्विनचा पिवळा दिवा असेल तर दागिन्याची एक बाजू निळी, दुसरी पिवळी येते; एक बाजू दुरुस्त केली की दुसरी बिघडते. पडदा ओढा किंवा दिवे बंद करा, दोन्हीतलं एकच ठेवा.

फोन दागिन्याच्या नाकाशी नेणं

फार जवळ गेलं की अनेक फोन आपोआप वाइड कॅमेऱ्यावर उडी मारतात. पुढचा मोती फुगतो, तार वाकडी दिसते, वर फोनची सावली पडते. पडद्यावर फुलाचं चिन्ह दिसत असेल तर ते बंद करा, २५-३० सेंटिमीटर मागे या आणि २एक्स झूम वापरा. पोर्ट्रेट मोड नकोच. तो नथीची बारीक तार पार्श्वभूमी समजून पुसून टाकतो. फोन ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर टेकवा, टायमर ३ सेकंदांचा ठेवा. नथ उभी राहत नसेल तर मागून मेणाचा बारीक गोळा लावा किंवा तंगुसाने टांगा.

फोटोत आडवे काळे पट्टे येतात ते स्वस्त एलईडीमुळे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १००च्या आसपास.

पांढरा कागद करडा येतो, कारण कॅमेरा पांढऱ्यालाही मध्यम करड्याकडे खेचतो. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +०.७ पर्यंत वाढवा, पण सोन्यावरची चमक फुटायला लागली की थांबा. फिकट करडी पार्श्वभूमी चालते. पांढराफटक झालेला मणी नंतर दुरुस्त होत नाही.

धूळ आणि बोटांचे ठसे

डोळ्यांना न दिसणारी धूळ जवळच्या फोटोत दोरखंडासारखी दिसते. चित्रकलेचा मऊ कोरडा ब्रश फिरवा, दागिना सुती कापडाने धरा. मोत्यांना टूथपेस्ट किंवा स्पिरिट लावू नका, वरचा थर खराब होतो.

शेवटी पाठवताना: व्हॉट्सअॅपवर साधा फोटो टाकला की तो दाबला जातो आणि मेहनतीने आणलेल्या त्या बारीक कडा जातात. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, आणि सोबत फूटपट्टी ठेवून काढलेला एक फोटोही द्या. नथ केवढी आहे, हा प्रश्न पहिला येतो.