स्मॉलमाउथ बाससाठी फ्लाय रॉड घेताय? या चुका टाळा

स्मॉलमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतल्या नद्या-तलावांतला मासा. त्याच्यासाठी रॉड घ्यायला दुकानात पाऊल टाकताच बहुतेकजण विचारतात, "बास केवढा होतो?" इथेच गाडी चुकते. दोन-तीन पौंडांचा स्मॉलमाउथ ५ वेटच्या रॉडनेही काठाला आणता येतो (वेट म्हणजे रॉडला जुळणाऱ्या लाइनच्या वजनाचा क्रमांक). रॉडचा कस लागतो तो फ्लाय, म्हणजे पिसं-केसांचं नकली आमिष, फेकताना.

फ्लाय फिशिंगमध्ये फ्लायला पुढे नेते ती लाइन, म्हणजे रॉडची वजनदार दोरी. ५ वेट लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन साधारण १४० ग्रेन, म्हणजे ९ ग्रॅम. ६ वेटचं १६०, ७ चं १८५, ८ चं २१० ग्रेन. ट्राउट माशासाठीच्या नखाएवढ्या फ्लायला ९ ग्रॅम भरपूर झाले. पण बासला लागतात पाण्यावर तरंगणारे, हरणाच्या केसांचे फुगीर पॉपर, नाहीतर पेन्सिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीवर बॉब क्लाउझर यांनी बांधलेला, डोळ्यांच्या जागी धातूचं डंबेल असलेला क्लाउझर मिनो हा फ्लाय. पॉपरला हवा अडवते, क्लाउझर दगडासारखा खाली ओढतो. घरात ट्राउटचा ४ वेट पडून आहे म्हणून त्यावरच भागवायला गेलात, तर दुपारपर्यंत खांदा बोलू लागेल.

म्हणून पहिला रॉड ९ फुटी, ६ किंवा ७ वेटचा घ्या. सस्क्वेहानासारखं रुंद, वाऱ्याचं पात्र असेल तर ७. गुडघाभर पाण्याचा ओढा असेल तर ६. मोठ्या तलावावर, सोसाट्याच्या वाऱ्यात ८ चालेल, पण ओढ्यातल्या वीतभर बासला ८ वेट लावलात तर मजाच गेली.

दुसरी चूक पैशांची. सगळं बजेट रॉडवर उडवायचं आणि लाइन मिळेल ती स्वस्तातली घ्यायची, हे उलटं गणित आहे. मधल्या किमतीचा रॉड आणि पुढच्या टोकाकडे वजन असलेली चांगली बास टेपर लाइन ही जोडी कधीही सरस. रीळवर फार डोकं खपवू नका. बास ट्राउटपेक्षा जोरात झुंजतो, पण शंभर यार्ड पळत नाही.

रॉड घेतल्यावरच्या तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात. पॉपर लीडरसकट (लाइन आणि फ्लाय जोडणारा बारीक धागा) गोळा होऊन पडतो? लीडर लांब किंवा बारीक आहे. साडेसात फुटांचा, जाड बुडाचा लावून बघा. क्लाउझर रॉडवर आपटतो? ट्राउटसारखा घट्ट लूप (फेकताना लाइनला हवेत पडणारा वळसा) टाळा, हात सावकाश चालवा आणि लूप मोठा ठेवा. हे मनावर घ्याच, कारण धातूचे डोळे रॉडच्या ग्रॅफाइटवर आपटले की न दिसणारी चीर पडते आणि रॉड पुढे कधीतरी, मासा लागलेला असतानाच, तिथेच मोडतो.

मासे लागून सुटतात म्हणून रॉड बदलायला निघालेलेही भेटतात. आधी हाताची सवय बदला: टोक वर उचलू नका, रॉड पाण्याकडे रोखलेला ठेवून लाइन डाव्या हाताने सरळ मागे ओढा.