चंद्र आणि ग्रहाची युती मुंबईतून नीट कशी बघायची

चंद्राशेजारी एखादा ठसठशीत तारा दिसला की सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतात, लोक दोन मिनिटं खिडकीतून बघतात आणि विषय संपतो. पण तो तारा बहुतेक वेळा ग्रह असतो, आणि युती, म्हणजे चंद्र आणि ग्रह आकाशात जवळजवळ दिसणं, दोन मिनिटांत बघून होतच नाही हो. चंद्र तासाला साधारण स्वतःच्या रुंदीएवढा म्हणजे अर्धा अंश पूर्वेकडे सरकतो, एरवी ते कळत नाही कारण शेजारी काही खूण नसते, ग्रह जवळ आला की ती खूण मिळते आणि दीड-दोन तासांनी परत बघितलं तर दोघांतलं अंतर बदललेलं साध्या डोळ्यांना दिसतं. ते बघायचंय.

मुंबईत उजेड फार म्हणून काही दिसत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे मनातून काढून टाका. आकाशगंगेसाठी वांगणीला जा, शहराबाहेर जा, ते ठीक, पण चंद्र, शुक्र, गुरू हे दादरच्या गच्चीवरूनही झकास दिसतात, मंगळ जवळ असेल तेव्हा तोही, शनी जरा मंद असतो पण दिसतो. बुध मात्र अवघड, तो क्षितिजालगत असतो आणि हिवाळ्यात तिथेच आपला सगळा धुरकटपणा साचलेला असतो. जून ते सप्टेंबर ढगांमुळे फारशी आशा ठेवू नका.

तारीख कशी काढायची? स्टेलेरियमसारखं अॅप मुंबईचं लोकेशन टाकून वापरलंत तर लगेच कळेल, पण घरातलं पंचांगही पुरतं. गुरू कुठल्या राशीत आहे ते बघा, मग चंद्र त्या राशीत कधी येतो ते बघा, तो एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो, त्यातच युती होते, आणि दर महिन्याला होते. शुक्राचं तर आणखी सोपं आहे. तो सूर्यापासून 47 अंशांच्या पलीकडे जात नाही आणि एक तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकणं, म्हणून शुक्र-चंद्र भेट संध्याकाळी असेल तर शुद्ध द्वितीया ते चतुर्थीच्या आसपास आणि पहाटे असेल तर वद्य द्वादशी ते चतुर्दशी, बाकी दिवशी शोधूच नका. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत गच्चीवर जाता ना, तेव्हा शेजारी गुरू किंवा शनी असू शकतो, मंगळही असू शकतो, शुक्र कधीच नाही.

जागा. संध्याकाळच्या युतीला पश्चिम मोकळी हवी आणि त्या बाबतीत आपण नशीबवान आहोत, मरीन ड्राइव्ह, वरळी सी फेस, दादर चौपाटी, बँडस्टँड, जुहू, सगळीकडे समोर समुद्र. पहाटेच्या युतीला पूर्व लागते, तेव्हा उंच इमारतीची गच्ची बरी, चावी आदल्या दिवशीच सेक्रेटरीकडून मागून ठेवा. एक लक्षात ठेवा, घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूने उतरणाऱ्या विमानांचे दिवे लांबून अगदी ग्रहासारखे स्थिर दिसतात, मिनिटभर थांबलात की फरक कळतो. ग्रह सहसा लुकलुकत नाही आणि मिनिटभरात जागाही सोडत नाही.

आता मुख्य काम. हात पूर्ण लांब करा, करंगळीची रुंदी म्हणजे साधारण 1 अंश, मधली तीन बोटं 5 अंश, मूठ 10 अंश. याने अंतर मोजा, वेळेसकट लिहून ठेवा, तासाभराने परत मोजा. चंद्राची कक्षा सूर्याच्या वाटेशी सुमारे 5 अंश कललेली आहे आणि ग्रहही त्या वाटेवर अगदी नेमके नसतात, म्हणून कधी दोघं करंगळीएवढ्या अंतरावर येतात तर कधी मूठभर लांबूनच जातात, निराश होऊ नका. पश्चिमेकडे तोंड करून उभे असाल तर पूर्व वरच्या बाजूला, म्हणजे ग्रह चंद्राच्या वर असेल तर भेट अजून व्हायचीय, खाली असेल तर होऊन गेली. 24 मार्च 2023 ला, गुढीपाडव्यानंतर दोन दिवसांनी, चंद्रकोरीच्या खाली शुक्र लटकल्यासारखा दिसला होता आणि ते फोटो सगळीकडे फिरत होते, ती भेट होऊन गेल्यानंतरची स्थिती. आणि खरं सांगू का, आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, तिन्ही संध्याकाळी त्याच वेळी बघा, चंद्र रोज साधारण 13 अंश वर चढलेला दिसेल, मुलांना दाखवायला याहून चांगलं काही नाही. हे दोघं जवळ दिसतात फक्त, चंद्र 3 लाख 84 हजार किलोमीटरवर आणि गुरू अगदी जवळ असतानाही 60 कोटींच्या आसपास, हेही त्यांना सांगाच.

7x50 किंवा 10x50 (7 किंवा 10 पट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगाची) बायनॉक्युलर असेल तर कठड्यावर टेकवून धरा, गुरूचे चार चंद्र ठिपक्यांसारखे दिसू शकतात. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय बायनॉक्युलर पश्चिमेकडे अजिबात नेऊ नका, डोळा कायमचा जाऊ शकतो. मोबाईलने फोटो काढायचा तर चंद्रावर टॅप करून ब्राइटनेस खाली ओढा, नाहीतर नुसता पांढरा गोळा येतो, आणि फोन टेकवून 3 सेकंदांचा टायमर लावा.

कधी कधी चंद्र ग्रहाला झाकूनच टाकतो, त्याला पिधान म्हणतात, ते चुकवू नका. शुक्ल पक्षात चंद्राची अंधारी कड पुढे असते, त्यामुळे ग्रह जणू रिकाम्या आकाशातच विझत जातो, तारा क्षणात जातो पण गुरूला मिनिटभर किंवा थोडं जास्तच लागतं. चंद्र आपल्या इतका जवळ आहे की एका शहरातून झाकलेला ग्रह दुसऱ्या शहरातून नुसता कडेने जाताना दिसतो, म्हणून वेळ मुंबईचीच बघा, परदेशी वेळ असेल तर यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साडेपाच तास मिळवा, पंधरा मिनिटं आधी जागेवर या, आणि ग्रह परत बाहेर येताना चंद्राच्या पश्चिम कडेवर, म्हणजे संध्याकाळी खालच्या बाजूला, नजर ठेवा.