संक्रांत चौदाला की पंधराला? तारीख, तयारी आणि तिळगूळ

संक्रांत तिथीवर नाही, सूर्यावर चालते. सूर्य निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या, मकर राशीत शिरतो तो क्षण दर वर्षी साधारण ६ तास ९ मिनिटांनी पुढे सरकतो आणि लीप वर्षाचा जादा दिवस त्याला पुन्हा मागे ओढतो. संक्रमण सूर्यास्तानंतर झालं तर आपल्याकडे सण दुसऱ्या दिवशी धरतात. म्हणून २०२६ ला १४ जानेवारी, तर २०२७ ला १५. वरची ती ९ मिनिटं मात्र साचत राहतात, त्यात १८००, १९०० सारख्या शतकवर्षांत वगळलेल्या लीप दिवसांची भर पडते आणि सरासरी सुमारे ७० वर्षांत एक दिवस पुढे जातो. विवेकानंद जन्मले त्या १८६३ साली संक्रांत १२ जानेवारीला होती. पानिपताची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, पण 'संक्रांतीच्या दिवशी' म्हणायला अडचण अशी, की त्या वर्षीची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती.

तेव्हा आधी पंचांग बघा आणि तिथून मागे मोजा. आदला दिवस भोगी: तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, आणि वांगी, गाजर, घेवडा, सोलाणे, शेंगदाणे घातलेली लेकुरवाळी भाजी. सुगडं दोन दिवस आधीच आणावीत, ऐनवेळी तडकलेलीच उरतात. धुऊन पूर्ण वाळवा. ओल्या मातीवर हळदीकुंकवाची बोटं फिसकटतात. आत उसाचे करवे, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजर, ओंब्या, तीळगूळ.

खरी परीक्षा लाडवांची. पाव किलो बिनपॉलिशचे तीळ, पाव किलो चिक्कीचा गूळ, १०० ग्रॅम शेंगदाण्याचं भरड कूट, ५० ग्रॅम डाळं, दोन चमचे तूप, वेलची. सुपारीपेक्षा थोडे मोठे वळले तर चाळीसेक होतात. तीळ मंद आचेवर, हात न थांबवता भाजा. तडतडायला लागले आणि चिमटीत चुरडले गेले की लगेच ताटात काढा, कढईत ठेवले तर तिच्या उष्णतेनेच करपून कडू होतात.

तुपात गूळ विरघळवा, पाणी घालू नका. सगळीकडून फेस आला की वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाका. पसरला तर कच्चा. गोळी जमली आणि बोटांनी दाबली गेली की मऊ लाडवांचा पाक झाला. कुरकुरीत हवे असतील तर ती गोळी ताटलीवर टाकल्यावर टण वाजेपर्यंत थांबा. या दोहोंच्या मध्ये उतरवलात तर लाडू चिवट होतात, दाताला चिकटतात. दर अर्ध्या मिनिटाने थेंब बघा, घड्याळावर विसंबू नका, कारण प्रत्येक ढेपेतलं पाणी वेगळं.

गॅस बंद करून सगळं एकदम ओता, ढवळा आणि हाताला पाणी लावून गरमच वळा. पाण्याचा हात नुसता ओलसर असावा, निथळणारा नको. एकट्याने वळायचे असतील तर एका वेळी अर्धंच प्रमाण घ्या, शेवटचे दहा लाडू नेहमी दगड होतात. मिश्रण आवळलंच तर कढई तव्यावर ठेवून मंद आच द्या, पाणी शिंपडू नका. डबा पूर्ण गार झाल्यावरच भरा, नाहीतर झाकणाला वाफ धरते.

दुसरा दिवस किंक्रांत, त्या दिवशी शुभकार्य टाळतात. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करता येतं, पण वाण आणायच्या आधी तीही तारीख बघून घ्या. रथसप्तमी तिथीवर चालते. २०२६ ला ती २५ जानेवारीला आली, म्हणजे जेमतेम अकरा दिवस मिळाले. २०२७ ला ती १३ फेब्रुवारीला आहे, तेव्हा एकाच रविवारी पाच घरी धावायची गरज नाही.