अमेरिकी सैन्यात जवान असताना नर्स अधिकारी कसे व्हावे

अमेरिकेच्या भूदलात, नौदलात किंवा हवाई दलात साधा जवान म्हणून भरती झालेल्या व्यक्तीला पुढे नर्स अधिकारी म्हणून कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची अधिकृत नेमणूक, मिळवता येते आणि त्यासाठी नोकरी सोडावीच लागते असे नाही. भूदलाचे नर्स कोअर, म्हणजे नर्सांचे दल, 1901 मध्ये, नौदलाचे 1908 मध्ये आणि हवाई दलाचे 1949 मध्ये स्थापन झाले. पुरुषांना मात्र 1955 पर्यंत या पदाची दारे बंद होती. आज सर्वांना अटी सारख्याच आहेत: मान्यताप्राप्त महाविद्यालयाची नर्सिंगमधील बीएसएन पदवी, एनसीलेक्स-आरएन परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळणारा परवाना, अमेरिकी नागरिकत्व आणि अधिकारीपदासाठीची वैद्यकीय व सुरक्षाविषयक पात्रता. यांतले काहीच अशक्य नाही. पण क्रम चुकला की दोन-तीन वर्षे सहज वाया जातात.

पायरी 1: नागरिकत्व आणि सुरक्षा तपासणी

ग्रीन कार्डवर जवान होता येते, परंतु सक्रिय सेवेत अधिकारी होण्यासाठी नागरिकत्व लागते. सेवेत असलेल्यांना ते लवकर मिळू शकते: नागरिकत्वाच्या एन-400 अर्जासोबत सन्माननीय सेवेचे एन-426 हे प्रमाणपत्र जोडायचे असते आणि लष्करी सेवेच्या आधारे केलेल्या या अर्जाला शुल्क नाही. मराठी घरातील उमेदवाराने येथे दोन गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. अमेरिकी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते, आणि परकीय सैन्यात सेवेत असलेल्या किंवा तेथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला भारत सरकार ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना व्हिसाविना ये-जा करू देणारे कार्ड) देत नाही. गावाकडे आईवडील असतील, तर पुढच्या भेटींसाठी व्हिसा काढणे आणि आपल्या तुकडीकडून परदेश प्रवासाची परवानगी घेणे आले, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा.

नागरिकत्वानंतर येतो एसएफ-86 हा सुरक्षा तपासणीचा अर्ज. परदेशात राहणारे जवळचे नातेवाईक, परदेशातील बँक खाती आणि स्थावर मालमत्ता यांची माहिती त्यात द्यावी लागते. आजोबांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारस म्हणून आपले नाव लागले असेल, तर ती जमीन कितीही थोडी असली आणि तिचे उत्पन्न काका घेत असले, तरी तिची नोंद करावी. अशी जमीन असणे हा सहसा अडथळा ठरत नाही. ती लपवणे मात्र नक्की ठरते.

पायरी 2: निवृत्तीपासून उलटी वर्षे मोजणे

हा हिशेब बहुतेक जण उशिरा करतात. वीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन मिळते, हे प्रत्येक जवानाला तोंडपाठ असते. पण अधिकारी म्हणून निवृत्त होण्यासाठी त्यांपैकी साधारणपणे किमान 10 वर्षे कमिशन घेतल्यानंतरची असावी लागतात. सहाव्या वर्षी अभ्यासाला लागून आठव्या वर्षी कमिशन मिळवणाऱ्याला याची झळ बसत नाही. पंधराव्या वर्षी कमिशन मिळाले, तर अधिकाऱ्याच्या हुद्द्यावर निवृत्त होण्यासाठी पंचवीस वर्षे सेवा करावी लागेल. ती करायची तयारी असेल तर उत्तम, पण घरी बोलून मगच ठरवावे. शिवाय शिक्षणाचा खर्च सैन्याने उचलला की त्या बदल्यात बंधनकारक सेवेचा करार येतो आणि प्रत्येक योजनेला वयोमर्यादा असते. हे सर्व एकाच कागदावर मांडून पाहावे.

पायरी 3: पूर्वतयारीचे विषय आधी संपवणे

या लेखातली एकच सूचना पाळायची असेल, तर ती ही. शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि इंग्रजी लेखन हे विषय नर्सिंगच्या प्रवेशाआधी पूर्ण असावे लागतात. सेवेत असताना ट्यूशन असिस्टन्स या सवलतीतून एका क्रेडिटमागे (अभ्यासक्रम मोजण्याच्या एककामागे) 250 डॉलरपर्यंत शुल्क मिळते, त्यामुळे संध्याकाळच्या किंवा ऑनलाइन वर्गांतून हे विषय जवळजवळ फुकटात होतात. प्रयोगशाळेचे विषय ऑनलाइन घेण्यापूर्वी ते निवडलेल्या महाविद्यालयाला चालतात का, हे लेखी विचारून घ्यावे. तसेच काही महाविद्यालये फार जुने विज्ञान विषय ग्राह्य धरत नाहीत, म्हणून ते अगदी सुरुवातीलाही उरकू नयेत. लष्करी प्रशिक्षणाची क्रेडिट जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्सक्रिप्ट या लष्करी गुणपत्रकावर उमटतात, परंतु नर्सिंग महाविद्यालये त्यातले थोडेच स्वीकारतात.

पायरी 4: वाट निवडणे

भूदलाच्या एईसीपी योजनेत जवान पूर्ण वेतनावर राहून महाविद्यालयात पूर्णवेळ शिकतो. कोणत्याही कामावरचा जवान अर्ज करू शकतो, मात्र पदवी 24 महिन्यांत पूर्ण व्हावी लागते. आधीची पायरी इतकी आग्रहाने सांगण्याचे कारण हेच. नौदलाच्या एमईसीपी योजनेत 36 महिन्यांपर्यंत मुदत मिळते, आणि हवाई दलाची एनईसीपी ही तशाच स्वरूपाची योजना आहे. भूदलात ‘ग्रीन टू गोल्ड’ हा आणखी एक मार्ग असून त्यात महाविद्यालयातील आरओटीसी या अधिकारी प्रशिक्षण कार्यक्रमातून कमिशन मिळते.

सैन्य सोडून शिकायचे असेल, तर 36 महिन्यांच्या सक्रिय सेवेनंतर 9/11-पश्चात जीआय बिल या शिक्षणखर्चाच्या योजनेचा पूर्ण लाभ मिळतो: सरकारी विद्यापीठाचे राज्यांतर्गत शुल्क, घरभाडे भत्ता आणि पुस्तकांसाठी वर्षाला 1,000 डॉलरपर्यंत रक्कम. परवाना मिळाल्यावर थेट कमिशनसाठी अर्ज करता येतो, पण परत घेतीलच याची हमी कोणी देत नाही. मधल्या काळात माजी सैनिक विभागाने अपंगत्वाची टक्केवारी ठरवली असेल, तर वैद्यकीय अटींतून सूट मागावी लागण्याची शक्यताही असते. निवड होण्याजोगी सेवा-नोंद असलेल्याने आधी आतल्या योजनेचाच प्रयत्न करावा, असे माझे मत आहे.

पायरी 5: अर्ज

योजनांच्या अटी दरवर्षीच्या अधिकृत संदेशात जाहीर होतात. मागच्या वर्षीचा संदेश मित्राकडून घेऊन त्यावर विसंबू नये. अर्जाच्या संचात, ज्याला तिथे सगळे ‘पॅकेट’ म्हणतात, गुणपत्रके, महाविद्यालयाचे प्रवेशपत्र, सत्रवार अभ्यास आराखडा, वरिष्ठांची शिफारसपत्रे, शारीरिक चाचणीचे गुण आणि वैद्यकीय तपासणी असते. लष्करी रुग्णालयातील वरिष्ठ नर्स अधिकाऱ्याची मुलाखत किंवा शिफारस बहुधा लागतेच, तेव्हा ती ओळख अर्जाच्या आठवड्यात नव्हे, तर वर्षभर आधी करावी. सैन्याबाहेरून अर्ज करणाऱ्याने नेहमीच्या भरती कार्यालयात न जाता आरोग्यसेवा भरती अधिकाऱ्याला गाठावे. जवानांची भरती करणाऱ्याला या कामाची फारशी माहिती नसते.

पायरी 6: पदवी आणि परवाना

येथे जुना अनुभव कधी कधी आडवा येतो. लढाऊ तुकडीतील मेडिकला, म्हणजे जखमींवर प्रथमोपचार करणाऱ्या जवानाला, आधी मोठा रक्तस्राव थांबवायला शिकवलेले असते. श्वासमार्ग त्यानंतर येतो. एनसीलेक्सच्या बहुतेक प्रश्नांत श्वासमार्ग, श्वसन आणि रक्ताभिसरण असा क्रम अपेक्षित असतो, आणि त्याहीपूर्वी रुग्णाची नीट पाहणी. धाप लागलेल्या रुग्णासाठी दिलेले चारही पर्याय योग्य असतात, पण प्रश्न असतो तो सर्वांत आधी काय करायचे याचा. हात सवयीने उपचाराकडे धावतो, तर योग्य उत्तर अनेकदा ‘ऑक्सिजनची पातळी तपासणे’ हे असते. एप्रिल 2023 पासूनच्या स्वरूपात ही संगणकीय परीक्षा 85 ते 150 प्रश्नांची आणि पाच तासांपर्यंतची असून तिच्यात रुग्णाच्या कागदपत्रांवर आधारित प्रश्नमालिका असतात. पदवी संपल्यावर सुट्टी न घेता काही आठवड्यांतच ती द्यावी.

पायरी 7: अधिकारी म्हणून रुजू होणे

भूदलाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण टेक्सासमधील फोर्ट सॅम ह्यूस्टन येथे, नौदलाचे ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट येथे आणि हवाई दलाचे अलाबामातील मॅक्सवेल तळावर होते. कवायत आणि गणवेश जुन्या जवानाला नवे नसतात. नवे असते ते नाते. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर एका टेबलावर जेवत होतो, त्या जवानांशी मैत्री, पैशाची देवघेव आणि प्रेमसंबंध यांवर आता नियम लागू होतात. नव्या अधिकाऱ्याने पहिला सॅल्यूट करणाऱ्या जवानाला चांदीचा डॉलर द्यायचा अशी जुनी प्रथा आहे, आणि तो मान अनेक जण आपल्या जुन्या सार्जंटलाच देतात.

शेवटी वेतनपत्रक तपासावे. जवान म्हणून चार वर्षांहून अधिक सक्रिय सेवा झालेल्या सेकंड लेफ्टनंटला ओ-1 नव्हे, तर ओ-1ई या वाढीव श्रेणीचे वेतन मिळते, आणि पुढे ओ-3ई पर्यंत हा फरक टिकतो. पहिल्या पत्रकावर ‘ई’ दिसत नसेल, तर जुन्या सेवेचे पुरावे, सेवेत खंड पडला असल्यास डीडी-214 हे सेवामुक्तीचे प्रमाणपत्र, घेऊन त्याच आठवड्यात वेतन कार्यालयात जावे.