डिसेंबरातली घरघर: ग्राफिक्स कार्ड आणायला जाण्याआधी

गोव्यात कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज नीट ऐकू येतो तो वर्षातले जेमतेम तीन महिने. जूनपासून कौलांवर पाऊस कोसळत असतो, तेव्हा पडद्यावरचं चित्र तयार करणारं कुठलंही ग्राफिक्स कार्ड मुकंच. मार्च ते मे डोक्यावरचा पंखा पाचावर गरगरत असतो. तुळशीचं लग्न आटोपलं, रात्री जरा गारठ्याच्या झाल्या, की पंखे बंद होतात आणि नेमके तेव्हाच लग्नांचे फोटो ढिगाने घरी येतात. डिचोलीच्या आमच्या जुन्या घरात माझ्या टेबलामागच्या भिंतीपलीकडे आजीची खाट आहे. रात्री एक वाजता चारशे फोटो एक्स्पोर्टला लावले, की पलीकडून प्रश्न येतो, "तुझं जातं कधी थांबणार रे?"

त्या जात्यापायी ही तयारी. आवाज जाणवतो डिसेंबरात, पण कार्ड निवडायचं ते मे महिना डोळ्यांसमोर ठेवून. खोलीतच चौतीस अंश असतील, तर थंड प्रदेशातल्या कुणाच्या टेबलावर पंखे बंद ठेवून बसणारं कार्ड आपल्याकडे तसं बसेलच असं नाही.

आधी आवाज नक्की कुणाचा, ते शोधा. मी दोन वर्षं कार्डाला शिव्या घालत होतो आणि अर्धा दोष प्रोसेसरवरच्या चिमुकल्या पंख्याचा निघाला. एमएसआय आफ्टरबर्नर हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका, कार्डाचा पंखा हाताने सत्तर टक्क्यांवर न्या, मिनिटभर ऐका, पुन्हा खाली आणा. तुम्हाला छळणारा आवाज हाच असेल, तरच पुढचं वाचा. नसेल तर प्रोसेसरसाठी चांगला कूलर किंवा कॅबिनेटसाठी, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीसाठी, मोठा पंखा आणा, कार्डाच्या मानाने किरकोळ खर्चात काम होईल.

मग एक संध्याकाळ कागद-पेन्सिल घेऊन बसा. नेहमीचं काम नेहमीसारखंच करा आणि टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर कार्डाची मेमरी किती भरते ते मधूनमधून टिपून ठेवा. दोन मॉनिटर म्हणजे दांडगं कार्ड हवं, हा समज दुकानदारही पसरवतात. एका फोर-के पडद्याचं चित्र मेमरीत साधारण ३३ एमबी जागा घेतं, दोन पडद्यांचं ६६. खरी मेमरी खातात ती एडिटिंगची कामं. फोटोशॉपमध्ये एका वेळी दोन-तीन फोटो सुधारणाऱ्याला ४ जीबी चालून जाते. पण एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूम क्लासिक या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एआय डीनॉइज, म्हणजे अंधारातल्या फोटोंवरचे दाणे काढणारं साधन, आलं आणि चित्र पालटलं. शिमगोत्सवाच्या रात्रीच्या मिरवणुकीचे ६४०० आयएसओचे फोटो त्यातून काढायचे, तर सगळा भार कार्डावर पडतो. त्यासाठी किमान ८ जीबी असावी, असं ते बनवणारी अ‍ॅडोबीही सांगते. डीनॉइज महिन्यातून दहा फोटोंना लागतं, की दर लग्नाच्या दोनशे फोटोंना, एवढं एक उत्तर प्रामाणिकपणे लिहिलंत, की अर्धी निवड झाली.

आता वॅट. कार्ड जेवढे वॅट खातं तेवढी उष्णता त्याला बाहेर टाकावी लागते, आणि पंखा ओरडतो तो त्या उष्णतेपायी. दुकानात नुसतं "३०५० द्या" म्हणालात तर घोळ होईल, कारण त्या नावाची दोन वेगळी कार्डं आहेत. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीवाली आवृत्ती ७० वॅटची. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅट देऊ शकतो, म्हणून तिला एसएमपीएसमधून, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, वेगळी केबल सहसा लागत नाही. ८ जीबीवाली मूळ आवृत्ती १३० वॅटची आणि वेगानेही पुढे. आरटीएक्स ४०६० त्या दोन्हींहून वेगवान, ८ जीबीचं, आणि खाणं ११५ वॅट. आरटीएक्स ३०६० मध्ये १२ जीबी मिळते, पण ते १७० वॅट मागतं. माझा कल सांगतो: डीनॉइज रोजचं असेल तर ४०६०, नसेल तर ७० वॅटचं ३०५०. एएमडीचं आरएक्स ६४०० त्याहून कमी खातं, ५३ वॅट, पण मेमरी ४ जीबीच आणि मागे जोडण्याही दोनच. आज ना उद्या टीव्ही जोडावासा वाटला, तर जागा नाही.

एकाच चिपची कार्डं वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या अंगकाठीची बनवतात, आणि शांतपणा या अंगकाठीत असतो. एका पंख्याचं आखूड कार्ड गोजिरवाणं दिसतं, पण छोटा पंखा तेवढीच हवा ढकलायला जास्त वेगाने फिरतो. दोन मोठे पंखे, उष्णता शोषणारी जाड धातूची पाती (हीटसिंक), आणि काम नसताना पंखे पूर्ण थांबवणारी सोय, एवढं बघा. दिव्यांचा झगमगाट बघू नका. कॅबिनेटमध्ये मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत टेप धरून मिलिमीटरमध्ये माप घ्या आणि कार्डाची लांबी-जाडी त्याशी ताडून बघा. लांबीत बसलेलं कार्ड जाडीने शेजारचा स्लॉट झाकतं, हे लोक विसरतात.

पंखाच नसलेलं कार्ड का नको, असं कुणीतरी विचारणारच. अशी कार्डं मिळतात, पॅलिट कंपनीने कामएक्स (KalmX) नावाने काढली आहेत. पण पंखा नाही म्हणजे उष्णता नाही असं होत नाही. ती कॅबिनेटमध्येच घुटमळते आणि मग बाकीचे पंखे तिच्यासाठी धावतात. मे महिन्यात बंद खोलीत मी तो प्रयोग करणार नाही. करायचाच असेल, तर कॅबिनेटला १२० किंवा १४० मिलिमीटरचा पंखा लावून तो मिनिटाला सातशे-आठशे फेऱ्यांवर ठेवा. हातभर अंतरावरून तो क्वचितच ऐकू येतो.

दोन मॉनिटरांची एक खोड अशी, की ती कळल्याशिवाय महागडं कार्डही गुरगुरत राहतं. एक पडदा १४४ हर्ट्झवर (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलत) आणि दुसरा ६० वर असेल, तर बऱ्याच कार्डांचा मेमरीचा वेग रिकाम्या वेळीही खाली येत नाही. कार्ड कोमट राहतं आणि थांबायला हवेत ते पंखे फिरत राहतात. फोटोंना ६० हर्ट्झ पुरेत. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही पडदे ६० वर आणा. नवं कार्ड घ्यायच्या आधीच हे करून बघा, कदाचित खरेदीच टळेल.

दोन्ही मॉनिटरांच्या मागे टॉर्च मारून कोणती भोकं आहेत ते लिहून घ्या. नव्या कार्डांवर सहसा डिस्प्लेपोर्ट तीन आणि एचडीएमआय एक असतं, व्हीजीए नसतंच. मी एकदा जुना मॉनिटर वाचवायला स्वस्तातला व्हीजीए कन्व्हर्टर आणला. अक्षरं धूसर, आणि नववारीचा मोरपिशी रंग दोन पडद्यांवर दोन तऱ्हेचा. शेवटी मॉनिटरच बदलला. फोर-के असेल तर केबलही बघा. एचडीएमआय १.४ वर फोर-के चित्र ३० हर्ट्झवरच मिळतं आणि माउसचा बाण अडखळत चालल्यासारखा दिसतो. दोन्ही केबली कार्डातच खोचायच्या, मदरबोर्डच्या भोकात नव्हे. हसू नका, ही चूक अजून होते. कॅलिब्रेशन, म्हणजे रंग खरे दिसावेत म्हणून करायची जुळणी, प्रत्येक पडद्याचं वेगळं करायचं.

एसएमपीएसवरचं लेबल वाचा. ४०६० साठी एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. यूपीएस ही आपल्याकडे चैन नाही, पहिल्या पावसाला वीज किती वेळा जाते ते तुम्हीच मोजता. ६०० व्हीएचा यूपीएस बहुतेक वेळा ३६० वॅटच देतो, तेव्हा कॉम्प्युटर आणि दोन मॉनिटर यांची बेरीज आधी करा. नाहीतर वीज गेल्यावर तो टीं टीं करत कोसळेल आणि आजी पुन्हा जागी.

जुनं कार्ड स्वस्तात घ्यायचा मोह मलाही झाला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर आकडेमोड करून ते कमावणं, बंद झालं आणि दिवसरात्र राबवलेली कार्डं बाजारात आली. मी घेतलेल्या कार्डाच्या पंख्याचं बेअरिंग दुसऱ्याच महिन्यात खडखडू लागलं. विकणाऱ्याने फोन उचलणं सोडलं.

दुकान पणजीतलं असो, म्हापशातलं की मडगावातलं, एसीच्या गुणगुणीत कार्डाचा आवाज कळत नाही. काही कार्डं भार पडला की बारीक किणकिणतात. तो आवाज पंख्याचा नसून कार्डावरच्या कॉइलचा (तारेच्या वेटोळ्याचा) असतो आणि पंखा मंद करून जात नाही. म्हणून बदलून देण्याची मुदत किती, आणि वॉरंटीसाठी कार्ड गोव्यातच घेतात की बाहेर पाठवावं लागतं, हे पैसे देण्याआधी विचारा. जीएसटीच्या बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या.

कार्ड बसवल्यावर आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने खायच्या वॅटची मर्यादा, ऐंशी टक्क्यांवर आणून बघा. एक्स्पोर्टला थोडा वेळ जास्त लागेल, पण पंखा बराच खाली येईल. कॅबिनेटच्या मागे मोकळ्या राहिलेल्या खाचांना पट्ट्या लावा. आमच्याकडे त्यातून आधी मुंग्या आल्या आणि त्यांच्या मागोमाग पाल. कळंगुट-मोरजीसारख्या किनाऱ्यालगत राहत असाल, तर खारं वारं खेळतं त्या खिडकीपासून कॅबिनेट दूर ठेवा आणि पावसाळ्यात ते रोज थोडा वेळ तरी चालू करा. कार्डाचा खोका माळ्यावर टाकू नका, श्रावणापर्यंत पुठ्ठ्यावर बुरशी चढते. लेन्स ठेवता त्या कोरड्या कपाटात, बिलासकट, तळाला ठेवून द्या.